स्नूकर म्हणजे नेमकं काय हो? कोणी "आम्ही स्नूकर झालो" म्हटलं तर काय समजायचं?

आंबेवाला_पावस

नमस्कार मंडळी,

पावसजवळ आमची हापूसची बाग आहे. माल बहुतेक वाशीलाच जातो, पण हल्ली थोड्या पेट्या लंडनच्या एका दुकानदारालाही जातात, मधे एक एजंट आहे. परवा त्या दुकानदाराचं मेल आलं, त्यात एक वाक्य होतं, "वी आर कम्प्लीटली स्नूकर्ड धिस वीक." बाकी सगळं मेल कळलं, हे एकच कळेना. पुतण्याने फोनवर अर्थ शोधला तर आलं फसवणे, गंडवणे. झालं! बाबा एकदम तापले, आपण गंडवलं म्हणतोय काय तो, एवढा निवडून निवडून माल दिला आणि वर हे, पुढची एक पेटी पाठवायची नाही. आई म्हणाली आधी कोणाला तरी विचार, मग भांडा. म्हणून हा धागा.

मला स्नूकर म्हणजे हिरव्या टेबलावर काठीने बॉल ढकलायचा खेळ एवढंच माहीत. रत्नागिरीत कॉलेजला असताना पोरं पार्लरला जायची, मी बाहेर गाडीवर वडापाव खात थांबायचो. तर खेळात स्नूकर म्हणजे काय, बोलण्यात काय, आणि आपल्याकडे त्याला काय म्हणायचं ते जाणकारांनी सांगा. जरा लवकर सांगा, आंबा पिकायचा थांबत नाही.

काळाबॉल

आधी बाबांना शांत करा. तो तुम्हाला काहीही बोललेला नाही, उलट स्वतःचं रडगाणं गातोय. ब्रिटिश माणूस "आय ॲम स्नूकर्ड" म्हणाला की त्याचा अर्थ, माझ्यासमोर काहीतरी आडवं आलंय आणि मला जे करायचंय ते सरळ करता येत नाहीये. गंडवणे हा अमेरिकन अर्थ. तिकडे "ही गॉट स्नूकर्ड" म्हणजे त्याला कोणीतरी बनवलं. पुतण्याच्या फोनवर अमेरिकन डिक्शनरी उघडली असणार. उच्चारही वेगळा आहे, इंग्लंडात स्नूकर दीर्घ आणि अमेरिकेत स्नुकर ऱ्हस्व, आपल्याकडे पार्लरच्या बोर्डावर दोन्ही दिसतात ते सोडा.

आता खेळ. टेबल साधारण १२ फूट बाय ६ फूट. १५ लाल बॉल, एक पांढरा आणि सहा रंगीत. लाल १ पॉइंट, पिवळा २, हिरवा ३, ब्राऊन ४, निळा ५, गुलाबी ६, काळा ७. एक लाल घालवायचा, म्हणजे टेबलाच्या पॉकेटमधे टाकायचा, मग एक रंगीत, रंगीत परत जागेवर ठेवतात, मग पुन्हा लाल, असं लाल संपेपर्यंत. शेवटी रंगीत आपापल्या क्रमाने. काठी फक्त पांढऱ्याला लावायची आणि पांढरा पहिल्यांदा कुठल्या बॉलला लागला पाहिजे हे ठरलेलं असतं. त्याला म्हणतात बॉल ऑन.

गंमत इथे आहे. माझ्याकडे घालवण्यासारखं काही नसलं तर मी पांढरा हळूच नेऊन ब्राऊनच्या पाठी ठेवतो. आता तुमची पाळी. तुम्हाला लालला लावायचंय, वाकून बघता तर लाल दिसतच नाही, मधे ब्राऊन उभा! हे स्नूकर. पास म्हणायची सोय नाही, खेळायचं तुम्हालाच. मग कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, मारून फिरवून आणा, काठी उभी धरून पांढऱ्याला वळण द्या, काय हवं ते करा. नाही लागला तर फाऊल, आणि किमान ४ पॉइंट माझ्या खात्यात. आधी जास्त पॉइंटच्या बॉलला लागला तर ७ पर्यंत.

म्हणजे मी तुम्हाला हात लावला नाही, नियम मोडला नाही, फसवलं तर मुळीच नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पांढरा अशा जागी ठेवला की सरळ वाट बंद. मार्ग आहेत, पण सगळे वाकडे आणि महागाचे.

गजालीकर

आमच्या गावात तां टेबल वगैरे काय नसताना पण स्नूकर होता हां. पालखी खंयसून जातली हेच्यावरून दोन मानकऱ्यांचा वाजला, एक म्हणता आमच्या घरावरसून, दुसरो म्हणता मान आमचो. निकाल लागूक नाय म्हणान देव देवळात बसलो. सांगा आता, स्नूकर कोण? मानकरी काय देव?

काळाबॉल

@गजालीकर देवच. सगळे आडवे उभे आणि पुढची चाल त्याची 😂

कोकणकन्या_एसथ्री

मस्त धागा. पण मराठीत चांगले शब्द असताना स्नूकर कशाला? कोंडी आहे, पेच आहे, कात्रीत सापडणे आहे, इकडे आड तिकडे विहीर आहे. दुकानदाराच्या वाक्याचं सरळ भाषांतर, आमची पूर्ण कोंडी झाली. संपलं.

मार्करचा_नातू

नाही हो ताई, एवढ्यात नाही संपत.

माझे आजोबा मालवणजवळच्या खेड्यातून मुंबईला गेले आणि एका जिमखान्यात बिलियर्ड मार्कर म्हणून लागले, रिटायर होईपर्यंत तिथेच. मार्कर म्हणजे नुसता स्कोअर लिहिणारा नव्हे. टेबल झाडायचं, कापडाला इस्त्री करायची, बॉल पुसायचे, साहेब खेळत असले तर रंगीत बॉल बरोब्बर ठिपक्यावर ठेवायचे, लांबचा शॉट असला की न सांगता रेस्ट, म्हणजे काठी टेकवायची दांडी, पुढे करायची, आणि कोणी पार्टनर नसलं तर त्याच्याशी खेळायचं, आणि हरायचं किती ते आपलं आपण ठरवायचं. कापड लोकरीचं, त्याला लव असते, ती एका दिशेने जाते, जिथून पांढरा सुरू होतो त्या टोकाकडून काळ्याच्या टोकाकडे. ब्रश आणि इस्त्री दोन्ही त्याच दिशेने. उलटा ब्रश मारलेला त्यांनी कधी खपवून घेतला नाही, घरी आमच्या आजीने चादर झटकली तरी दिशा बघायचे.

तर आजोबा कोंडी आणि स्नूकर यात फरक करायचे. कोंडी म्हणजे सगळीकडून बंद. इकडे आड तिकडे विहीर म्हणजे दोनच रस्ते आणि दोन्हीकडे मरण. कात्रीत सापडलेला माणूस दोघांच्या मधे असतो. स्नूकरमधे तसं काही नसतं, टेबल अख्खं मोकळं असतं, फक्त ज्याच्याकडे जायचंय त्याच्या आणि तुमच्या मधे कोणीतरी उभा. ते साहेब लोकांना इंग्रजीत काय सांगायचे माहीत नाही, पण आम्हाला सांगताना म्हणायचे आडोशाला टाकला. पांढरा आडोशाला टाकला. मला अजून याच्याहून बरा शब्द सापडला नाही.

कोकणकन्या_एसथ्री

आडोशाला टाकणे! हे आवडलं. पण आडोसा म्हणजे आपल्याकडे चांगली गोष्ट, पावसात आडोसा शोधतात लोक.

मार्करचा_नातू

टाकणाऱ्यासाठी चांगलीच की.

दापोलीची_मृणाल

शब्द आला कुठून हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. खेळ इंग्लंडमधे जन्मला असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. जबलपूर, १८७५. तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमधे नेव्हिल चेंबरलेन नावाचा तरुण अधिकारी होता. तो हिटलरशी म्युनिकचा करार करून आलेला पंतप्रधान चेंबरलेन नव्हे, नावाचा योगायोग. पावसाळ्याचे दिवस, बाहेर काही करता येत नाही, मेसमधे बिलियर्डचं टेबल. तेव्हा त्याच टेबलावर पैसे लावून पिरॅमिड, लाइफ पूल, ब्लॅक पूल असे खेळ चालायचे. चेंबरलेनने पिरॅमिडचे १५ लाल आणि वेगवेगळ्या किमतीचे रंगीत बॉल एकत्र आणले, आणि नवा खेळ तयार झाला. रंगीत बॉल हळूहळू वाढत गेले.

नाव मात्र नंतर पडलं. वुलिचला तोफखान्याच्या आणि इंजिनियर अधिकाऱ्यांची ट्रेनिंग ॲकॅडमी होती, तिथे पहिल्या वर्षाच्या पोराला स्नूकर म्हणायचे. तिथून आलेल्या एका अधिकाऱ्याने मेसमधे हा शब्द सांगितला. थोड्या वेळाने कोणाचा तरी सोपा बॉल हुकला तर चेंबरलेन त्याला म्हणाला तू तर पक्का स्नूकर आहेस. त्याला वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हणाला की या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. आणि तेच नाव चिकटलं. ही हकीकत त्याने स्वतः म्हातारपणी, १९३८ मधे, 'द फील्ड' नावाच्या नियतकालिकाला पत्र लिहून सांगितली, कारण तोपर्यंत शोध कोणी लावला यावरून वाद सुरू झाले होते.

नंतर तो मद्रासच्या सेनापतीच्या, म्हणजे रॉबर्ट्सच्या, स्टाफवर गेला. उन्हाळा उटीला. तिथल्या क्लबात हा खेळ चांगलाच रुजला आणि १८८२ मधे नियम लिहून भिंतीवर लावले. मग इंग्लंडचा नामांकित बिलियर्ड खेळाडू जॉन रॉबर्ट्स ज्युनियर हिंदुस्थानात आला, चेंबरलेनला भेटला, खेळ समजून घेतला आणि तिकडे नेला.

म्हणजे बघा, स्नूकरचा पहिला अर्थ होता लिंबूटिंबू! ज्याला खेळता येत नाही, राज्य आलं तरी ज्याच्यावर धरत नाहीत तो. आणि आज स्नूकर करणारा म्हणजे टेबलावरचा सगळ्यात पोचलेला माणूस. शब्द अख्खा उलटा फिरला.

आमच्या दापोलीला अजून कॅम्प दापोली म्हणतात, इथेही गोरे होते, पाऊस तर जबलपूरपेक्षा कितीतरी जास्त. पण त्यांनी इथे असला काही उद्योग केला नाही, आळशी मेले.

अलिबागचा_पांढरा_कांदा

लिंबूटिंबू 😂😂 एक नंबर. आम्ही कच्चं लिंबू म्हणायचो.

गजालीकर

म्हणजे आंबेवाल्यांचो तो लंडनवालो म्हणता, आम्ही या आठवड्यात लिंबूटिंबू आसव 😂

आंबेवाला_पावस

सगळ्यांचे आभार, बाबांना वाचून दाखवलं. काळाबॉल यांचं पटलं पण अजून थोडी शंका आहे त्यांच्या मनात. लिंबूटिंबूवर मात्र हसले.

मृणालताई, पावसाळ्याचं खरंय. आमच्याकडे आषाढ लागला की पडवीत कॅरम निघतो आणि थेट गणपतीपर्यंत चालतो. कॅरममधे पण असं असतं की, समोरच्याची सोंगटी होलच्या तोंडाशी असली की आपण आपली तिच्यासमोर नेऊन ठेवतो. आम्ही झाकली म्हणतो.

काळाबॉल

झाकली बरोबर, पण कॅरमवाला ती सोडून दुसरी मारू शकतो. स्नूकरमधे ज्याला लावायचं त्यालाच लावायचं, पर्याय नाही, म्हणून तर घाम फुटतो.

पावसाळ्याचा विषय निघालाय तर एक सांगतो, चिपळूणला मी काही वर्षं एका पार्लरमधे संध्याकाळी खेळायचो. जून उजाडला की टेबल बदलायचं. हवेतला दमटपणा कापड पिऊन घ्यायचं, बॉल जड चालायचे, एप्रिलमधे जो शॉट टेबलभर जायचा तो जुलैमधे अर्ध्यात दमायचा. कुशनचा उसळा पण वेगळा. मोठ्या स्पर्धांच्या टेबलांना खालून हीटर असतात ते याचसाठी, खाली दगडाची पाटी असते ती कोमट ठेवतात म्हणजे कापड कोरडं राहतं. आमच्या पार्लरवाल्याने कोपऱ्यात एक दोनशेचा बल्ब लावला होता, त्याचा उपयोग फक्त पाखरं गोळा करायला झाला. पण पावसाळ्यात स्नूकर करायला मात्र सोपं, बॉल जिथे ठेवाल तिथेच थांबतो. सुटणाऱ्याची पंचाईत, दोन कुशन फिरवून आणायचं तर जोर किती लावायचा कळत नाही. आणि हरणारा टेबलाचे पैसे भरणार हा नियम.

सातबारा

इथे कोकणातलं खरं स्नूकर कोणी लिहीलं नाही आश्चर्य आहे. वाट!!

आमच्या वाडीत घरं अशी की खालच्या घराला रस्त्यावर यायचं तर वरच्याच्या आवाठातून यावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या येजा. एकदा काय झालं तर सुपारीच्या झाडावरून वाजलं, आणि मे महिन्यात वरच्याने चिऱ्याचा गडगा घातला, स्वतःच्याच जागेत, स्वतःच्याच खर्चाने, कोणाला शिवी नाही दिली की धमकी नाही. सकाळी उठून बघतो तर खालच्याच्या घरातून रस्ता दिसतोय पण जाता येत नाही. गाडी आत, आणि लग्न तोंडावर. मला सांगा हे काय आहे? फसवणूक नाही. कोंडी म्हणाल तर मागच्या बाजूने व्हाळ म्हणजे ओढा आहे, व्हाळातून पाऊणएक किलोमीटर फिरून रस्त्याला लागता येतं, पायी. म्हणजे थेट नाही पण फिरून आहे, आणि खेळायचं तर तुलाच आहे कारण लग्न तुझ्या घरचं.

कुशन शॉट म्हणजे तहसीलदार. मामलेदार कोर्ट ॲक्ट १९०६ चा आहे, त्याखाली वहिवाटीची अडवलेली वाट मोकळी करून मिळते पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावायला लागतो, हे लोकांना माहीत नसतं आणि बोलणी करण्यात सहा महिने घालवतात. नवीनच वाट पाहिजे असेल तर ते वेगळं, जमीन महसूल संहितेचं कलम १४३, बांधावरून. दोन्हीची गल्लत करू नका.

आमच्या तालुक्याच्या वकिलांच्या तोंडात हा शब्द आहे बरं का, पक्षकाराला सरळ म्हणतात तुला स्नूकर केलाय त्याने.

कोकणकन्या_एसथ्री

@सातबारा मग काय झालं पुढे? लग्नाचं?

सातबारा

वरच्याच्या बायकोने गडगा एका जागी उतरवायला लावला. आहेराचं आमंत्रण होतं ना तिला.

अलिबागचा_पांढरा_कांदा

वाटेवरून आठवलं, आमच्या आजीला मी "पूल खेळायला जातो" सांगायचो तर ती म्हणायची पुलावर काय खेळता रे, गाड्या असतात. तिला शेवटपर्यंत वाटत होतं आम्ही खाडीच्या पुलावर जाऊन काहीतरी करतो.

माझा एक प्रश्न. टीव्हीवर मॅच बघताना कॉमेंटेटर म्हणतो "ही नीड्स स्नूकर्स", म्हणजे त्याला स्नूकर्स पाहिजेत. स्नूकर तर वाईट ना? मग पाहिजे कसं?

काळाबॉल

छान प्रश्न. स्वतःला नको, समोरच्याला करायला पाहिजे.

हिशोब असा. समजा लाल सगळे संपले, टेबलावर फक्त सहा रंगीत. २+३+४+५+६+७ म्हणजे २७. आता तू ३० नी मागे आहेस. टेबलावरचा प्रत्येक बॉल तू घातलास तरी २७ च होतात, मॅच गेली. मग राहिला एकच मार्ग, समोरच्याला असा अडकवायचा की त्याच्याकडून फाऊल होईल आणि त्याचे ४-५ पॉइंट तुला मिळतील. म्हणजे आता तुझ्या खेळाने तू जिंकू शकत नाहीस, त्याच्या चुकीवर जगायचं. याला म्हणतात स्नूकर्स पाहिजेत. एक लाल शिल्लक असेल तर लाल आणि काळा मिळून ८, अधिक २७, ३५. त्याच्यापुढे गेला फरक की तेच.

हे मला बोलण्यात जास्त कामाचं वाटतं. आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या मोजणीला शेवटचा वॉर्ड उरला होता आणि आमचा उमेदवार त्या वॉर्डात होती नव्हती तेवढ्या मतांपेक्षा जास्त मागे, तर मित्र म्हणाला आता स्नूकर पाहिजे. सगळ्यांना कळलं, कोणी विचारलं नाही म्हणजे काय. गणपतीचं कन्फर्म तिकीट नसलेला माणूस वेटिंग लिस्ट बघत बसतो, तोही स्नूकरवरच असतो, कोणीतरी कॅन्सल केलं तरच.

मार्करचा_नातू

पण रेल्वेने फाऊल केला तरी पॉइंट आपल्याला मिळत नाहीत हा फरक आहे 😀

दापोलीची_मृणाल

आपले लोक यात किती पुढे आहेत हेही लिहायला हवं, नाहीतर वाटेल जन्मच आपल्याकडचा, खेळ त्यांचा. विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले, १९५८ मधे कलकत्त्याला जागतिक हौशी बिलियर्ड विजेते झाले, कुठल्याही खेळात जगज्जेता झालेले पहिले भारतीय. स्नूकरमधे तो मान ओम अग्रवाल यांचा, १९८४, डब्लिन. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच, वाढला बंगळुरात. मुंबईचा आदित्य मेहता २०१३ च्या वर्ल्ड गेम्समधे स्नूकरचं सुवर्ण घेऊन आला. आपल्या कोकणातलं मात्र कोणी नाव मला माहीत नाही यात, मार्कर सोडले तर.

मार्करचा_नातू

मार्कर सोडू नका. स्वतः विल्सन जोन्सपासून सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या मार्करच्या झाडलेल्या टेबलावरच खेळलंय.

नवखा_राजापूर

मी पार्लरला जातो हल्ली, नियमाबद्दल भांडण झालंय ते मिटवा कोणीतरी. समोरच्याने फाऊल केला, त्यानंतर मला लाल अर्धा दिसत होता, अर्धा पिवळ्यामागे. बाकीचे लाल पूर्ण झाकलेले. मी म्हटलं स्नूकर आहे, फ्री बॉल द्या. तो म्हणतो अर्धा दिसतोय मग स्नूकर कसलं, खेळ गप.

काळाबॉल

तुझं बरोबर. बोलताना लोक "दिसतच नाही" त्यालाच स्नूकर म्हणतात, मीही वर तसंच सोपं करून सांगितलंय, पण नियम कडक आहे. निदान एका तरी लालच्या दोन्ही कडांना, डावी पण आणि उजवी पण, पांढरा सरळ रेषेत लागू शकला पाहिजे. सगळ्याच लालची एक तरी कड रंगीत बॉलमुळे झाकली असेल तर ते स्नूकर. त्यामुळे फाऊलनंतर तुला फ्री बॉल, म्हणजे कुठलाही रंगीत लाल समजून मारता येतो. याच्याच जोरावर ब्रेक, म्हणजे एका पाळीतले पॉइंट, १४७ च्या वर जाऊ शकतो, एरवी कमाल १४७. लाल एकही पडलेला नसताना फ्री बॉल मिळाला तर हिशोबाने १५५ पर्यंत.

आणि आडवा येणारा बॉलच पाहिजे. पॉकेटच्या तोंडाशी कुशनचा कोपरा आडवा आला तर त्याला अँगल्ड म्हणतात, स्नूकर नाही, फ्री बॉल नाही. यावरून मी मारामारी बघितली आहे.

नवखा_राजापूर

आणि मी मुद्दाम लांबून मारून फाऊल दिला, चार पॉइंट गेले तर गेले, पुढे त्याला काही मिळत नाही असं बघून, तर?

काळाबॉल

मग रेफरी म्हणणार फाऊल अँड अ मिस. नीट प्रयत्न केला नाहीस असं वाटलं तर समोरचा बॉल पूर्वी होते तसे परत ठेवायला लावू शकतो, पुन्हा तूच मार, पुन्हा चुकलास तर पुन्हा चार दे. पार्लरमधे रेफरी नसतो म्हणून चालून जातं.

गजालीकर

सातबाराकारांच्या गडग्याक पण असो रेफरी होयो होतो. गडगो काढा, पुन्हा तुमीच घाला.

आंबेवाला_पावस

अपडेट. एजंटला फोन केला. दुकानदाराची भानगड अशी की या आठवड्यातल्या फ्लाइटला कार्गोची जागाच नाही, मोठ्या एक्सपोर्टरनी आधीच उचललेली. माल तर वाशीला गरम पाण्याच्या ट्रीटमेंटला जाऊन बसलाय आणि तिकडे त्याच्या गिऱ्हाईकांनी ऑर्डर दिलेल्या. म्हणजे काळाबॉल म्हणाले तसंच, गंडवलं वगैरे काही नाही, मधे कोणीतरी उभा. बाबा आता म्हणतायत बिचारा. दुसऱ्या मार्गाने, मधे एक ठिकाणी विमान बदलून, दोन दिवस उशिरा जाईल असं दिसतंय, भाडं जास्त, ते अर्धं अर्धं वाटून घ्यायचं ठरलं.

आता त्याला उत्तर लिहायचंय. पुतण्या म्हणतो आपण पण लिहू, यू हॅव स्नूकर्ड अस, म्हणजे त्याला बरं वाटेल, त्याचाच शब्द वापरला म्हणून. चालेल का?

काळाबॉल

थांबा थांबा! असं लिहू नका!! "आय ॲम स्नूकर्ड", "वी आर स्नूकर्ड" हे चालतं, त्यात दोष कोणाचाच नाही, परिस्थिती तशी. पण "यू स्नूकर्ड अस" म्हटलं की तुम्ही मुद्दाम आमच्या आडवे आलात असा सरळ आरोप होतो. आणि अमेरिकेतल्या कोणाला तर हा शब्द कुठल्याच रूपात लिहू नका, तिकडे फसवणूकच वाचतील.

लिहायचंच असेल तर, वी वेअर बोथ स्नूकर्ड बाय द फ्लाइट. आपण दोघेही त्या फ्लाइटमुळे अडलो.

दापोलीची_मृणाल

आणि भाडं अर्धं अर्धं ते वेगळ्या ओळीत, आकड्यासकट. ते स्नूकरच्या वाक्यात मिसळू नका.

आंबेवाला_पावस

पाठवलं. आकडा वेगळ्या ओळीत. पुतण्याला खाली पेट्या मोजायला धाडलंय.